तीन चाकं विलायती, चौथं भोंगवलीचं

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि माझी तीन चाकं विलायती आहेत. चौथं, डाव्या अंगाचं पुढचं, भोंगवलीच्या ज्ञानोबा सुताराने केलेलं आहे. भोर संस्थानात अशी दुसरी मोटार कुणी पाहिली असेल तर खुशाल सांगा. नसेल, तर गुमान बसा आणि माझी हकीकत ऐका.

माझा जन्म साता समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. डोक्यावर कापडी छत, पितळी भोंगा आणि दिवे असे की माणसाने त्यात तोंड पाहावं. त्या काळी मोटारीच्या चाकांना लाकडाचे आरे असत, बैलगाडीला असतात तसेच, फक्त बारीक आणि रंगवलेले. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. आगबोटीने मुंबईला आले आणि पुण्याच्या एका डॉक्टरांनी मला घेतलं. त्यांच्याकडे माझे फार लाड झाले. रोज फडक्याने पुसणं, सणाला झेंडूची माळ. पुढे त्यांनी नवी मोटार घेतली आणि मी एका रात्रीत जुनी झाले. जगाची रीतच आहे, मी काही रडत बसले नाही.

भोरच्या सावळारामने मला १९३४ साली विकत घेतलं. तो डॉक्टरांकडेच मोटार हाकायला शिकला होता. गडी बेताच्या उंचीचा, बोलायला हळू, पण हात असा सफाईदार की माझा गिअर बदललेला मला स्वतःला कळत नसे. डॉक्टर त्याला म्हणाले, "गाडी घेतोस तर तिचा विमाही चालू ठेव." सावळारामने मान डोलावली. घरी मात्र त्याच्या बायकोने, बनाबाईने, कपाळाला हात लावला. "गाडी मरायच्या आदीच तिच्या तेराव्याचं पैसं भरायचं व्हय?" असं ती दर वर्षी हप्त्याच्या वेळी म्हणायची आणि दर वर्षी लुगड्याच्या गाठीतून पैसे काढून द्यायची.

मी भोरहून कापूरहोळ, तिथून सारोळे, अशी माणसं न्यायचे. पाच जणांची जागा, बसायचे नऊ. त्याखेरीज कोंबड्या, गुळाच्या ढेपा, एकदा तर नवरदेवही. सावळाराम आणि बनाबाई, दोघांचं पोट माझ्यावर होतं. शेत नाही, वतन नाही. मी चालले तर चूल पेटायची.

अपघात झाला १९३८च्या पौषात. भोंगवलीला माणसं उतरवून आम्ही रिकामेच परत निघालो होतो. वळणावर ओढ्यातून कोंडिबा धनगराची मेंढरं एकदम रस्त्यावर आली. दोनशे तरी असतील. सावळारामने ब्रेक दाबला, पण उतार होता. समोर मेंढरं, उजवीकडे ओढा, डावीकडे बाभूळ. त्याने मला बाभळीवर घातलं.

काय सांगू मित्रांनो, आवाज झाला तो माझाच होता हे मला मागाहून कळलं. डावं पुढचं चाक तुंब्यापासून, म्हणजे मधल्या गाभ्यापासून, फुटलं आणि त्याचे आरे काटक्यांसारखे विखुरले. रेडिएटर फाटून पाणी वाहून गेलं, एक दिवा गेला, मडगार्ड दुमडलं. सावळारामच्या कपाळातून रक्त येत होतं. तो खाली उतरला आणि आधी माझ्याभोवती फिरला, मग कपाळाला हात लावून पाहिला.

कोंडिबा धावत आला. मेंढरं मोजली. एकही कमी नव्हतं. तो सावळारामच्या पायाच पडायला लागला. "ड्रायवर, येक बी मेंढरू ग्येलं न्हाई! तुमची मोटार मोडली वो माज्यापायी!"

"उटा, उटा," सावळाराम म्हणाला. "मोटार मोडली ती नीट व्हईल. मेंढरू मेलं तर कोन नीट करनार?"

बोलला खरा, पण माझा फाटका रेडिएटर तो पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होता. मी पाहिलं ना.

कोंडिबाने कुणाची तरी बैलजोडी मागून आणली. मोडक्या चाकाखाली लाकडाचा ओंडका बांधला, मला दोर लावले आणि बैलांनी ओढत ओढत भोंगवलीत नेलं. पोरं मागे ओरडत होती, "मोटारीला बैल! मोटारीला बैल!" डॉक्टरांच्या दारात झेंडूची माळ घालून उभी राहणारी मी! त्या दिवशी जमीन दुभंगून आत जावं असं मला वाटलं.

सावळारामने विमा कंपनीला पत्र टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. प्रत्येक दुरुस्तीचं बिल एका महिन्याच्या आत तयार हवं, कंपनीचा माणूस येऊन पाहील. एका जरी दुरुस्तीचा खुलासा कागदावर नसेल, तर कंपनी मोडीच्या भावाने पैसे देईल आणि गाडी उचलून नेईल. सावळारामने ते पत्र बनाबाईला दोनदा वाचून दाखवलं.

"मोडीच्या भावानं म्हंजी?" तिने विचारलं.

"म्हंजी तिचं तुकडं करून इकनार. आन् म्या दुसऱ्याच्या लॉरीवर फडकं मारनार."

बनाबाई त्या वेळी तेरावं वगैरे काही बोलली नाही. तिने हातातल्या पाटल्या काढल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या. त्या गहाण ठेवून पुण्याहून जुना रेडिएटर आणि दिवा आला, रीतसर बिलासकट. मडगार्ड सावळारामने स्वतः दगडावर ठोकून सरळ केलं. राहिलं चाक. तसलं विलायती चाक पुण्यात कुणाकडे नव्हतं. मागवायचं तर चार महिने लागणार.

तेव्हा कोंडिबा ज्ञानोबा सुताराला घेऊन आला. ज्ञानोबा साठीचा, एका डोळ्यात फूल पडलेलं, तोंडात कायम तंबाखू. त्याने माझ्या फुटक्या चाकाचे तुकडे गोळा करून पटकुरावर मांडले आणि एकेक आरा बोटांनी मापला.

"हाय गाडीचंच चाक," तो अखेरीस म्हणाला. "आरं जरा नाजूक. सायबाच्या बायकूवानी."

मला राग आला. पण मोडलेल्याने रागावून कुणाला सांगायचं?

त्याच्या माळ्यावर सहा वर्षं वाळलेली बाभूळ होती. बाभळीनेच मोडलं आणि बाभळीनेच जोडलं, बघा. नऊ दिवस तो तासत होता. एकेक आरा घालायचा, काढायचा, पुन्हा रंधा मारायचा. मूळचे आरे बारा होते, त्याने बाराच केले, पण अंगठाभर जाड. मग जुनं लोखंडी कडं तापवून वर चढवलं, पाणी ओतलं, आणि चाक असं आवळलं गेलं की कारखान्यातही तसं आवळलं गेलं नव्हतं.

सावळारामने पाच रुपयांची नोट पुढे केली. ज्ञानोबाने ती घेतली नाही.

"आमच्या शिवंत मोडली, आमच्या मेंढरांपायी मोडली. मंग ती गावचीच गाडी. गावच्या गाडीचं म्या रोख घेत न्हाई. बलुतं घेतो."

"मला शेत कुठं हाय, ज्ञानोबा? पेंढ्या कुठनं देऊ?"

"त्ये तुमी बगा. पैसं घेतलं म्हंजी येवार मिटला. उद्या आरा हलला तर तुमी कोन आन् म्या कोन? सुगीला पेंढ्या आल्या, की वरीसभर चाकाचा जिम्मा माजा."

सावळाराम हो म्हणाला. त्याला वाटलं, चला, सुटलो. पण खरी कटकट तिथूनच सुरू झाली.

महिना भरायला तीन दिवस होते तेव्हा कंपनीचे मानसिंगराव भोंगवलीत आले. काळा कोट, चामडी पिशवी, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. रेडिएटरचं बिल पाहिलं, खूण केली. दिव्याचं पाहिलं, खूण केली. मडगार्डपुढे 'मालकाने स्वतः केले' असं लिहून घेतलं. मग चाकापाशी वाकले.

"हे कोणी केलं?"

"म्या," ज्ञानोबा म्हणाला.

"बिल?"

"म्हंजी काय वो?"

"तुमचं जे घेणं असेल ते कागदावर. खाली सही, नाहीतर अंगठा."

"असं व्हय. मंग लिवा की, सावळाराम." आणि ज्ञानोबाने सांगितलं, सावळारामने लिहिलं, ज्ञानोबाने अंगठा उठवला. मानसिंगरावांनी कागद घेतला, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं: "एका चाकाचे बारा आरे. घेणे, जोंधळ्याचे दोन पाचुंदे, कणसासकट, दरसाल, चाक फिरेल तोवर."

पाचुंदा म्हणजे पाच पेंढ्या, मित्रांनो. म्हणजे दहा पेंढ्या, दर वर्षी.

"अहो, कंपनी मुंबईहून दर वर्षी तुम्हाला पेंढ्या पाठवणार आहे का?"

"न धाडायला काय झालं? आगीनगाडीत घालून धाडा."

कोंडिबा फिदीफिदी हसला. सावळाराम मात्र पांढराफटक पडला. मानसिंगराव समजुतीने म्हणाले, "बाबा, रुपयांत आकडा नसला तर कंपनी कागद मानत नाही. पाच रुपये मिळाले असं लिहून द्या. मी मंजूर करतो, प्रश्न मिटला."

"मिळालं न्हाईत तर लिवू कसं?"

"ज्ञानोबा, माज्यासाटी लिवा," सावळाराम म्हणाला. "न्हाईतर ही गाडी ग्येली माजी."

ज्ञानोबाने तंबाखू थुंकली. "न घेतल्या पैशाला अंगठा? म्या न्हाई उठवनार. चाक बी खोटं व्हईल."

मी तिथे चार चाकांवर उभी होते, धडधाकट, आणि एका कागदापायी माझे तुकडे होणार होते. सावळारामने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. मग तो मानसिंगरावांना म्हणाला, "सायेब, चाकाचं कंपनीकडनं मला काय बी नको. ह्ये देनं माजं. तसं लिवा. दरसाल दोन पाचुंदे, चाक फिरंल तंवर. म्या सही करतो."

"दर वर्षी देशील? शेत नसताना?"

"दीन."

मानसिंगरावांनी पिशवी बंद केली. "आधी चाक चालतं का ते पाहू," ते म्हणाले आणि माझ्यात बसले. मागे कोंडिबा, ज्ञानोबा आणि गावातले जेवढे मावले तेवढे चढले. सारोळ्याजवळच्या नीरेच्या पुलापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. मी भरधाव गेले, मित्रांनो. खड्डा चुकवला नाही एकही. उतरल्यावर मानसिंगरावांनी लिहिलं, 'चाक गावच्या रिवाजाप्रमाणे दुरुस्त. खर्च मालकाकडे. चाक मजबूत.'

दोन महिन्यांनी रेडिएटर आणि दिव्याचे पैसे मनीऑर्डरने आले. बनाबाईच्या पाटल्या सुटल्या. कंपनीचा आणि आमचा व्यवहार तिथे मिटला. ज्ञानोबाचा मात्र चालू राहिला. दर सुगीला सावळाराम बाजारातून कणसासकट दहा पेंढ्या घ्यायचा, माझ्या मागच्या सीटवर घालायचा आणि भोंगवलीला न्यायचा. ज्ञानोबा वाकून हातोडीने बाराही आरे वाजवायचा, कान लावून ऐकायचा, मगच पेंढ्यांना हात लावायचा. एका पावसाळ्यात आरा ढिला झाला, तर तो निरोप मिळताच भोरपर्यंत चालत आला होता.

मग लढाई आली. पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं आणि बेचाळीस साली आमच्यासारख्यांना मिळेनासंच झालं. सावळारामने मला छपरात दगडांवर उभं केलं. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. बनाबाईने मागे गोवऱ्या रचल्या. तिला दोष देत नाही, घरात कोरडी जागा तेवढीच होती. सावळाराम मिळेल ते ओझं वाहायचा. संध्याकाळी येऊन माझ्यापाशी बसायचा.

तरी सुगी आली तेव्हा त्याने पेंढ्या घेतल्या आणि दुसऱ्याच्या बैलगाडीवर घालून भोंगवलीला गेला. संध्याकाळी पेंढ्यांसकट परत आला. "घेतल्या न्हाईत," तो बनाबाईला म्हणाला. "चाक थांबलंय त्याचं खानार न्हाई म्हनतो." बोलता बोलता तो रडला. मीही रडले असते, पण माझ्या रेडिएटरात थेंब नव्हता.

तिसऱ्या दिवशी छपरापुढे बैलगाडी थांबली. ज्ञानोबा उतरला. बरोबर बाभळीची लांब दांडी आणि एक जू. "पेंढ्या आनल्या, पर चाक आनलं न्हाई," तो सावळारामवर खेकसला. "पेंढ्या न खाव्या तर चाकाचा जिम्मा सुटतो माजा, आन् खाव्या तर चाक फिराया पायजे. सरका तिकडं." दोन दिवसांत त्याने माझ्या पुढच्या आखाला दांडी जोडली. बनाबाईने माहेराहून बैलजोडी आणली. गोवऱ्या उतरल्या, कोंबड्या आरडाओरडा करत गेल्या.

आता मी बैलांच्या मागे चालते. पोरं अजून ओरडतात, "मोटारीला बैल!" ओरडू द्या. मला आता लाज वाटत नाही. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे, मित्रांनो, मोडलेली वस्तू टाकून देऊ नका आणि ती ज्याने जोडली त्याला विसरू नका.

गेल्या सुगीला आम्ही भोंगवलीला गेलो. पहाटे निघालो ते दिवस कलता पोहोचलो. ज्ञानोबाला आता दुसऱ्या डोळ्यानेही दिसत नाही. तो चाचपडत आला, माझं चाक हाताने शोधलं आणि एकेक आरा हातोडीने वाजवला. बाराही वाजवून झाल्यावर सावळारामला म्हणाला, "जरा म्होरं घ्या बगू." बैल चार पावलं चालले. त्याने फिरत्या चाकावर तळवा धरून ठेवला होता.

"फिरतंय," तो म्हणाला, आणि पेंढ्या उतरवून घेतल्या.