पेट्यांतला सरस

दलिचंदला नाद एकच होता. तो पत्त्यांचा नव्हता की बाटलीचा नव्हता, म्हणून जळगावच्या भांडेबाजारात त्याला कुणी नावं ठेवली नाहीत, नुसते हसले. त्याला पेट्यांचा नाद होता.

धुळ्याचा कादर मिस्त्री कळीच्या पेट्या करायचा. पेटीला कुलूप नाही, कडी नाही, बिजागरी दिसत नाही. चहूकडून सारखं सागवान. बुडाची एक पट्टी नखभर डावीकडे सरकवायची, पेटी कलती धरायची, आत खुंटी टपकन पडते, मग मागची फळी वर होते आणि तेव्हा कुठं झाकण सुटतं. ही झाली सोपी कळ. अवघड कळीपायी दलिचंदचा एकदा सबंध उन्हाळा गेला होता. एका कळीच्या कादर पाचच पेट्या करायचा. पाचवी झाली की तिचा फर्मा चुलीत घालायचा. लाखाचा धनी येऊन पाया पडला तरी सहावी नाही. त्यामुळे बऱ्हाणपूरपासून सुरतेपर्यंतचे चार-दोन खुळे त्याच्या पोस्टकार्डाची वाट बघत बसायचे, आणि त्यांतला सगळ्यात मोठा खुळा दलिचंद. वरच्या माडीवर भिंतभर फळ्या मारून त्यानं पेट्या मांडल्या होत्या. दुकान बापाचं, घर बापाचं, लग्न बापानं ठरवलेलं. स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडे तेवढंच होतं.

आईला, पानबाईला, घरात सगळे बाई म्हणत. बाईला त्यानं एक पेटी दिली होती, जपाची माळ ठेवायला. म्हातारीला कळ लगेच जमली आणि तेव्हापासून ती माळ दुसरीकडे ठेवीना. रोज पहाटे सामायिक, म्हणजे दोन घडींचं ध्यान, झालं की पेटी बंद करताना ती खुंटी पडल्याचा आवाज ऐकायची आणि समाधानानं मान हलवायची.

अडुसष्ट सालच्या पर्युषणात बाईनं अठाई धरली. आठ दिवस नुसतं उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. सत्तरीला टेकलेली बाई, पण चालत जैन स्थानकात प्रवचनाला जायची. अशीच एके दिवशी ती पेटी घेऊन गेली. बायकांना कळ दाखवायची हौस. पेटी या हातातून त्या हातात फिरली. शेवटी ती भिकमचंद जिनवाल्याच्या सुगनबाईच्या हातात आली. तिनं ती उलटी केली, नाकाशी धरली आणि विचारलं, ही चिकटवली कशानं?

सुगनबाईच्या घरी दोन वर्षांपूर्वी कपाटं केली होती. सुतारानं अंगणात चूल मांडून सरस शिजवायला घेतला, तेव्हा त्याला हत्यारांसकट रस्त्यावर काढलं होतं. सरस म्हणजे जनावरांची हाडं न् कातडी उकळून केलेला रस, हे तिला तेव्हा कळलं; तेच तिनं स्थानकात सगळ्यांसमोर सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या कापसाच्या जिनात सरकी काढायच्या रुळांना कातडंच असतं न् यंत्राचे पट्टेही कातड्याचेच, हे तिला कुणी सांगितलं नाही. असलं कुणी कुणाला सांगत नाही. समाजाचा गाडा त्यावरच चालतो.

बाई घरी आली. माळ काढून घेतली, पेटी ओट्यावर ठेवली, अंघोळ केली आणि मग मुलाला हाक मारली. आवाज चढवला नाही. तू धुळ्याला जा, म्हणाली, मिस्त्रीला समोरासमोर विचार. सरस नसेल तर प्रश्न मिटला. असेल तर माडीवरची एकूण एक पेटी घराबाहेर गेली पाहिजे. उत्तर आल्याशिवाय पारणं करणार नाही, उपवास सोडणार नाही.

मग घरात खलबतं सुरू झाली. धाकटा भाऊ मांगीलाल म्हणाला, जायचं कशाला? घरीच बस आणि संध्याकाळी सांग, डिंक आहे म्हणून. बाभळीचा डिंक, झाडाचा. बाई काय चाखून बघणार आहे? दलिचंदची बायको सूरजबाई नुसती ऐकत होती. तिला त्या पेट्या पुसाव्या लागत, त्यामुळे त्या गेल्या तर तिचं काही बिघडणार नव्हतं. पण सासूशी खोटं बोलायचं हेही तिच्या मनात बसेना. दलिचंदला मांगीलालचं पटलं होतं. फक्त त्याला ते खोटं पक्कं करून हवं होतं. उद्या बाईनं कुणाला धुळ्याला धाडलं तर मिस्त्रीनंही डिंकच म्हटलं पाहिजे. व्यापाऱ्याची जात, साक्षीदार आधी फोडून ठेवायचा. म्हणून तो सकाळच्या एसटीत बसला.

एरंडोल, पारोळा करत गाडी धुळ्याला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कादरचं दुकान पांझरेच्या काठी, देवपूरच्या पुलाच्या अलीकडे. दुकान कसलं, पत्र्याचं छप्पर. दलिचंद नेहमीसारखा दारातल्या बाकावर बसला, नेहमीसारखा घरून आणलेला पाण्याचा फिरकीचा तांब्या बाजूला ठेवला, नेहमीसारखा रुमाल नाकाला लावला. आत चुलीवर सरसाचं भांडं रटरटत होतं. त्या वासाला दुसरी उपमा नाही. कसाबवाड्याच्या मागं उभं राहावं तसा वास. पंधरा वर्षं तो या बाकावर बसत होता.

त्यानं सगळं सांगितलं. कादरनं रंधा खाली ठेवून ऐकून घेतलं. बाईची तब्येत कशी, हे आधी विचारलं. मग म्हणाला,

“सेठ, बठ्ठ्या पेट्यास्मा सरस शे.”

दलिचंद म्हणाला की तसं असेल, पण बाईकडून कुणी आलं तर डिंक म्हणायचं. एवढं एक काम कर.

कादर हसला नाही. बाहेरच्या माणसाशी बोलताना तो शहरी मराठीवर यायचा, तसा आता दलिचंदशी आला. “कोणी आलं आणि विचारलं तर मी सरस म्हणणार. नाही विचारलं तर मी कोणाच्या घरी सांगत फिरणार नाही. पण माझ्या तोंडात डिंक घालू नका.”

“पण मला कुठं ठाऊक होतं, कादरभाई?”

कादरनं चुलीकडं पाहिलं, मग दलिचंदच्या रुमालाकडं. “पंधरा वर्षं नाक दाबून बसता इथं. मोगऱ्याचा वास सहन होत नव्हता काय?”

तेवढं बोलून त्यानं रंधा उचलला. फळीवरून भुगा उडायला लागला. बोलणं संपलं होतं. दलिचंद उन्हातून स्टँडवर आला. गाडीत शेजारी साक्रीकडचा एक जण कोंबड्यांची टोपली घेऊन बसला होता. दलिचंदनं त्याला नेहमीसारखं उठवलं नाही. तो हिशोब करत होता, तो पैशाचा नव्हता. पहिल्या दिवशी तो त्या बाकावर बसला आणि त्याच्या नाकाला कळलं होतं. कळलं म्हणून तर रुमाल निघाला. विचारायचं राहून गेलं नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर पेट्या गेल्या असत्या. कादरच्या घरचं पाणी चालत नाही, म्हणून फिरकीचा तांब्या वागवत होता. आणि त्याच हातानं तिथलं कातडं न् हाडं घरात आणून आईच्या माळेखाली ठेवत होता.

घरी आला तेव्हा बाई स्थानकात होती. दुसऱ्या दिवशी संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा, क्षमा मागायचा दिवस. लहानापासून थोरापर्यंत सगळ्यांनी एकमेकांना हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटलं. दलिचंदनं बाईचे पाय धरून म्हटलं. वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा कर. बाईनंही त्याला हात जोडले. काही विचारलं नाही. पारण्याच्या वेळी विचारेन, एवढंच म्हणाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पारण्याला घर भरलं. शेजारच्या बायका आल्या, सुगनबाईसुद्धा आली. रीत अशी की तपस्व्याला पहिला घोट मोठ्या मुलानं द्यायचा. दलिचंद मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन बाईसमोर बसला. मांगीलाल पाठीमागं उभा होता. तो दोनदा खाकरला.

“विचारून आलास?”

“आलो.”

“काय म्हणाला?”

डिंक हा शब्द तोंडात तयार होता. दलिचंदनं वर पाहिलं. बाईचे ओठ सुकून फुटले होते, गालफडं आत गेली होती. तिचे डोळे मात्र भाव करताना गिऱ्हाईकाचे असतात तसे त्याच्यावर रोखलेले होते. तो म्हणाला, “सरस आहे. सगळ्यांत.”

मांगीलालनं कपाळाला हात लावला. सुगनबाईनं आजूबाजूला पाहिलं, ऐकलंत ना, अशा थाटात. बाईनं मान हलवली आणि विचारलं, “हे परवा कळलं तुला?”

इथं तो हो म्हणू शकला असता. हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच मिटत होतं. पेट्या गेल्या असत्या आणि मुलगा सुटला असता. बायका त्याला सत्यवादी म्हणाल्या असत्या.

“नाही बाई. पहिल्यापासून माहीत होतं.”

“माळेला पेटी दिलीस तेव्हा?”

“तेव्हाही.”

बाईनं पदर सारखा केला. मग ती बोलली, ते दमलेल्या माणसाचं बोलणं होतं, त्यात राग नव्हता. “मी नकळत केलं. त्याचं प्रायश्चित्त स्थानकातल्या महासतीजींना विचारीन न् करीन. तुझं तू बघ. पेट्या राहू दे माडीवर. त्या बाहेर टाकल्या की तुला वाटायचं, झालं, फिटलं.” आणि आत वळून हाक मारली, “सूरज, तू ये. तू दे.”

सूरजबाई आली. तिनं नवऱ्याच्या हातातली वाटी काढून घेतली. काढून घेताना त्याच्याकडं पाहिलं नाही. बाईनं सुनेच्या हातून घोट घेतला, बायकांनी जयजयकार केला, आणि जिलब्यांचं ताट फिरलं. ताट दलिचंदपुढंही आलं. त्यानं एक उचलली आणि खाल्ली. दुसरं काय करणार होता?

मांगीलाल त्याला जिन्यात गाठून म्हणाला, गाढवा, पेट्या तुझ्याकडेच राहिल्या, तर मग सांगितलंस कशाला? दलिचंद तसाच माडीवर चढला.

बाई त्यानंतर सहा वर्षं जगली. आणखी उपवास केले, एकदा महिनाभराचं मासखमणही केलं, गावात तिची मिरवणूक निघाली. प्रत्येक पारण्याला पहिला घोट सूरजबाईनं दिला. दलिचंद दारात उभा राहायचा. बाई त्याच्याशी बोलायची, दुकानाचं विचारायची, त्याला ताप आला तर रात्रभर उशाशी बसायची. त्याच्या हातचं मात्र घेतलं नाही. शेवटचं पाणीही सुनेनंच पाजलं.

आणि कादरची पोस्टकार्डं येत राहिली, दलिचंद जात राहिला. माणूस एका फटक्यात सुधारतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटू द्यावं. फरक इतकाच पडला की नवी पेटी हातात घेतली की आता तो विचारायचा, मिस्त्री, यात काय काय आहे? कादर एकेक सांगायचा. साग, शिसव, पितळेची तार, सरस. दलिचंद ऐकून घ्यायचा आणि पेटी घेऊन घरी यायचा.