चार बोटं फेस

मी एक निळा ड्रम बोलतोय. माझा जन्म १९९८ सालचा, गुजरातेतल्या एका कारखान्यातला. साच्यातून गरम गरम बाहेर पडलो, थंड झालो, आणि आठवड्याभरात माझ्यात मधासारखं दाट, तपकिरी द्रव्य भरलं गेलं. आग विझवायचा फेस त्यापासून करतात. तेलाला लागलेली आग पाण्याने विझत नाही. त्या फेसाची चादर पसरली की ती गुदमरते. काम चांगलं होतं. मला त्याचा अभिमान होता.

गोव्याच्या हद्दीजवळच्या एका इंधनाच्या गोदामात मला ठेवलं. तिथे खरी आग कधी लागलीच नाही. वर्षातून दोनदा सराव व्हायचा. माणसं पाइप धरून माळावर पांढरा फेस उडवायची, हसायची, आणि तो फेस उतारावरून ओहोळात जायचा. बुडबुडे फुटले की माणसांना वाटायचं, संपलं. पण फुटतात ते बुडबुडे. आतलं रसायन कुजत नाही, उन्हाने विरत नाही, जंतूंनाही खाता येत नाही. तीन वर्षं ते माझ्या पोटात होतं. मी ते ओळखून होतो.

२००१ साली मुदत संपली म्हणून गोदामातल्या आम्हा सगळ्या ड्रमांना भंगारात काढलं. माझ्या तळाशी चार बोटं द्रव्य शिल्लक होतं. मालवणच्या बाजूला, खाडीकाठच्या एका वाडीतल्या बाबलीने मला टेम्पोत घालून घरी नेलं. बाबली होडीवर जायचा, त्याची बायको रुक्मिणी बाजारात मासे विकायची. पाणी साठवायला मोठं पिंप हवं, असं ती कधीची म्हणत होती.

तिने मला विहिरीजवळ आडवं केलं आणि आत कळशी ओतली. भसाभसा फेस आला. ती खूश झाली.

"अवो, बघा तरी! साबण नको काय नको, कसो फेस येता!"

"मगे सांडू नको," बाबली म्हणाला. "डब्यात काढून ठेव. होडी धुवाक होयत."

चार महिने त्या फेसाने होडी धुतली, जाळी धुतली, माशांच्या टोपल्या घासल्या. होडी खाडीत, बाकी सगळं विहिरीच्या कठड्याजवळ. आमच्याकडचा जांभा दगड कसा असतो, तुम्हाला ठाऊक आहे. वर पाणी ओता, ते खाली जायला वेळ लागत नाही. विहीर तर हाताच्या अंतरावर होती. मार्चनंतर बाकीच्या विहिरी मचूळ व्हायच्या, ही तेवढी गोड राहायची, म्हणून वाडीतली अकरा घरं हिचंच पाणी प्यायची.

मला सात वेळा धुतलं. मग मी पिण्याच्या पाण्याचा ड्रम झालो. रुक्मिणी रोज मला भरायची, तोंडावर फडकं बांधायची, सणाला हळदकुंकू लावायची. एवढी माया मला कारखान्यात मिळाली नव्हती, गोदामातही नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण रोज माझ्या भिंतींतून थोडं थोडं सुटून तिच्या तांब्यात जात होतं, आणि ओरडायला मला तोंड होतं, आवाज नव्हता.

वर्षं गेली. रुक्मिणीला थकवा यायला लागला, केस गळू लागले. डॉक्टर म्हणाले, थायरॉइड, गोळी जन्मभर. तिचा मुलगा नितेश याचं लग्न झालं. सून उर्वशी हेच पाणी पीत असताना पोटुशी राहिली. २००८ साली रिया जन्मली, दोन किलोलाही थोडी कमी. वर्षभर तिचा ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा.

दुसऱ्या वर्षी रियाला बघायला बाबलीची भाची समीक्षा आली. दोडामार्गची मुलगी, गोव्यात रसायनशास्त्र शिकून प्रयोगशाळेत लागलेली. पाणी घ्यायला माझ्याजवळ वाकली आणि माझ्या पाठीवरचं अर्धं सोललेलं लेबल तिने नखाने सरळ करून वाचलं. तांब्या तसाच खाली ठेवला.

"मामी, ह्या पिंपात आधी काय होता?"

रुक्मिणीने सगळं सांगितलं, साबणाची बचत झाली त्या कौतुकासकट. समीक्षा पायरीवरच बसली. बाहेरच्या देशांत या रसायनावर बंधनं यायला लागलीत, ते रक्तात जातं आणि वर्षानुवर्षं राहतं, आईकडून बाळात उतरतं, हे तिने सावकाश सांगितलं.

"पाणी उकळून पिलाव तर?"

"नाय गो मामी. उकळून ता जाना नाय. पाणी आटता आणि ता मागे रवता."

"माझो आजार, ह्या पोराचा वजन... सगळा तेच्यामुळेच?"

"तसा छातीठोक कोण सांगूचो नाय. पण ह्या पाणी आता पिया नको."

नितेश दारात उभा राहून ऐकत होता. "कोणाक सांगा नको हां," तो म्हणाला. "पुरावो खंय आसा? वाडी आमकाच दोष देतली."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका पाण्याला आल्या तेव्हा रुक्मिणी विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. जे ऐकलं ते तिने जसंच्या तसं सांगितलं. शेवटी म्हणाली, "माझ्या हातान घातलंय मी ता. माका ठावक नाय होता."

शेजारच्या सुशीलाची कळशी भरलेली होती. तिने ती जागच्या जागी उपडी केली. "आठ वर्सा, रुक्मिणी?" एवढंच म्हणाली आणि निघून गेली. तिच्या घरात तीन नातवंडं होती.

विहिरीच्या पाण्याची बाटली तपासणीसाठी सरकारी कार्यालयात गेली. महिन्याने निरोप आला: "पाणी स्वच्छ आहे, जंतू आढळले नाहीत. पिण्यास हरकत नाही." समीक्षाने सांगितलं, त्यांनी जे शोधलं ते यात नव्हतंच, जे आहे ते मोजायचं यंत्र तिच्याही प्रयोगशाळेत नाही.

रुक्मिणीचं घर आता दोन किलोमीटरवरच्या सरकारी नळावरून पाणी आणतं. मी कोपऱ्यात रिकामा पडलो. २०१० च्या एप्रिलात वरच्या वाडीतले दाजी आले. घरी लग्न होतं.

"रिकामोच आसा मा? चार दिवस पाण्याक देवा."

रुक्मिणी आत गेली आणि कोयता घेऊन आली. दाजींच्या देखत तिने माझ्या कुशीत चार घाव घातले. दाजी दोन पावलं मागे सरले. तिचा श्वास लागला होता, गोळी घेऊनही तो हल्ली लागतोच.

"आता देतंय," ती म्हणाली. "खंय पाणी रवता ता बघा."

मग पाऊस माझ्यातून जमिनीत उतरेल हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तिने मला ओढत नेऊन गोठ्याच्या छपराखाली पालथं घातलं.

मी तिथेच आहे. मला जाळू नका, धूर विषारी होईल. खाडीत ढकलू नका, तिथे मासे आहेत. भंगारवाल्यालाही देऊ नका. माझ्यातलं बरंचसं आधीच निघून गेलं आहे, त्याला मी परत बोलावू शकत नाही.

आज सकाळी विहिरीवरचा रहाट वाजला. कार्यालयाने हरकत नाही म्हटल्यावर नळापर्यंत दोन किलोमीटर कोण जाणार? पाणी तर पहिल्यासारखंच गोड लागतं. सुशीला कळशी भरत होती. जवळ तिची धाकटी नात ओंजळ करून उभी होती.

कुणीतरी जा. तिला पुन्हा एकदा सांगा.