आक्कांचा नंबर

"अगं पोरी, फोन बंद करू नकोस! बंद केलास की आम्ही सगळ्या बुडालो बघ."

शेळीवाली दारातूनच ओरडली. मुलीचं बोट बटणावरच थांबलं. आईला जाऊन आठवडाही झाला नव्हता आणि सकाळपासून तिचा फोन वाजत होता. लांबच्या वस्त्यांवरून कुणीतरी हसून विचारायचं, "आक्का, आला का मेसेज?" आणि दर वेळी मुलीला आई गेल्याचं सांगावं लागायचं.

शेळीवालीपाठोपाठ गटातल्या बाकीच्या बायका आत आल्या आणि आक्कांच्या शिलाई मशीनभोवती, जागा मिळेल तिथे बसल्या. बायकांचा गट उभा राहिला तेव्हा कर्ज देणाऱ्या संस्थेने प्रत्येकीच्या खात्याला मोबाईल नंबर मागितला होता. फोन फक्त आक्कांकडे होता. "मग घाला की सगळ्यांना माझाच," त्या म्हणाल्या आणि संस्थेनेही घातला. पैसे जमा होवोत की काढायचे असोत, मेसेज आणि ओटीपीचे आकडे याच फोनवर यायचे. पुढे घरोघरी फोन आले, पण नंबर बदलायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आक्का होत्या ना! आता त्यांच्या मृत्यूची नोंद झाली की हा नंबर बंद, त्याबरोबर सगळ्यांची खाती बंद आणि याच आठवड्यात येणारं नवं कर्जही माघारी.

"आमच्याकडे फोन नव्हता तेव्हा पैसे आले की आक्का माझ्या शेजारणीला फोन करायच्या," कोंबडीवाली म्हणाली. "ती आधी नवऱ्याला सांगणार, मग सासूला, मग मला. माझी कमाई मला सोडून सगळ्यांना ठाऊक!"

बायका हसल्या.

आईला आकडे वाचता यायचे, अक्षरं नाही. म्हणून फोनमध्ये नावांच्या जागी चित्रं होती : शेळी, कोंबडी, इस्त्री. जिने ज्यासाठी कर्ज काढलं, ते. मुलगी यादी वरखाली करत राहिली. तिचा स्वतःचा नंबर त्यात कुठेच नव्हता.

"तुझा त्यांना पाठ होता," इस्त्रीवाली हळूच म्हणाली. "सांगायच्या ना, पोरीला कशाला हवंय चित्र!"

दुपारी संस्थेचा वसुलीवाला आला. पोरगेलासाच होता, तरी बायका त्याला साहेब म्हणायच्या. तो आक्कांच्या स्टुलावर बसायला गेला, मग उभाच राहिला.

"ताई, नोंदीचं नंतर बघू. आधी यांचे नंबर बदलून घेऊ. आक्का गेल्याचं मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

"मग इथे कशाला आलात?" शेळीवालीने विचारलं.

"ब्लाउज शिवायला टाकलाय बायकोचा," तो म्हणाला आणि बुटांकडे बघत राहिला.

त्याने शेळीवालीचा नवा नंबर संस्थेला कळवला आणि आक्कांचा फोन वाजला. यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "या क्रमांकाच्या धारक आपण स्वतः असल्यास एक दाबा."

मुलीने सगळ्यांकडे पाहिलं. तिने एक दाबलं. आकडे आले, तिने मोठ्याने वाचले, साहेबांनी टिपले आणि शेळीवालीचं खातं तिच्या सुनेच्या फोनवर गेलं.

मग कोंबडीवाली. मग इस्त्रीवाली. दर वेळी तोच प्रश्न, दर वेळी एक. पुढे पुढे बोट आपोआप जाऊ लागलं. काम झालेली बाई मात्र उठून जात नव्हती. जिथल्या तिथे पदर सावरून बसून राहत होती.

ऊन उतरलं तसा फोन शांत झाला. सकाळी नकोसा झालेला तो आवाज आता येत नाही, हे मुलीच्या लक्षात आलं.

"अजून कुणी राहिलंय का?" तिने विचारलं. "कुणी आजारी, गावाला गेलेली? नीट आठवा ना."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"नाही ताई," साहेब म्हणाले. "आता आक्कांचंच खातं." त्यांनी स्वतः संस्थेचा नंबर लावून दिला आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले.

"खातेदार हयात असल्यास एक दाबा. नसल्यास दोन दाबा."

मुलगी बसून राहिली. बाईने प्रश्न पुन्हा विचारला, त्याच गोड आवाजात.

"मी दाबू का, पोरी?" शेळीवालीने विचारलं.

"नको."

तिने दोन दाबलं. यंत्रातल्या बाईने आभार मानले.

थोड्या वेळाने शेळीवाली गुडघ्यावर हात टेकत उठली. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं, फोनचा चार्जर काढला आणि त्याची वायर बोटांवर सावकाश, नीट गुंडाळत बसली.