तीन नावांचा धूर

मी एक जुना पितळी तराजू आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

म्हैसूरच्या कुवेंपुनगरात अंबुबाईंच्या घरी मी राहतो. त्यांच्या फौजी पणजोबांच्या काळी मी शिपायांचे धान्य तोलले. दर खंडेनवमीला तलवारीशेजारी मलाही कुंकू लागते. खोटे तोलायचे नाही, हा माझा बाणा.

वीज प्रकल्पांमुळे परिसराचे काय नुकसान होईल, हे अंबुबाई तपासायच्या. सभेत सर्वांना डोळ्यांनी दिसावे म्हणून त्या मला नेत. एकेका नुकसानीचे चिंचोके पारड्यात टाकायचे. ज्याचे पारडे खाली जाईल, तो प्रकल्प जास्त वाईट.

बेट्टदपुराकडच्या एका गावात दोन पर्याय होते. भाताचा तूस जाळून वीज करायची, की बंधारा घालून ओढ्याचे पाणी यंत्राकडे वळवायचे? अंबुबाईंचे साहेब येसाजीराव त्यांचे चुलतकाकाच. त्यांना बंधारा हवा होता. तुसाच्या पारड्यात त्यांनी धुराचे चिंचोके टाकले, मग काजळीचे, मग खोकल्याचे. ओढ्याच्या पारड्यात नुसते ‘पाणी’. मासे, विहिरी, शेते सगळी त्यातच कोंबली.

“काका, धूर तोच की! सुम्ने, उगाच, तीनदा मोजता काय?”

“गप बस गं. साहेब मी की तू?”

तुसाचे पारडे खाली गेले. माझ्याकडून खोटे वदवून घेतले! त्याच क्षणी मी सूड घ्यायचे ठरवले.

बंधारा झाला. उन्हाळ्यात खालचा ओढा कोरडा पडला, गावातल्या कृष्णवेणीबाईंची विहीर आटली. मी कपाटावर धूळ खात वाट पाहिली.

निवृत्त झाल्यावर येसाजीरावांनी हौसेने त्याच ओढ्याकाठी, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, सुपारीची बाग घेतली. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांचीही विहीर आटली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

बंधाऱ्यातून थोडेच पाणी सोडता येणार होते. ते आधी गावाला की बागेला? पुन्हा सभा, पुन्हा मी. पाण्यावाचून ज्याचे नुकसान जास्त, त्याला पाणी आधी.

“झाडं वाळली, बाग गेली, सुपारी गेली. वेगवेगळं धर, अंबू,” येसाजीराव काकुळतीने म्हणाले.

“बाग एकच आहे, काका.” अंबुबाईंनी जादा चिंचोके उचलले. दुसऱ्या पारड्यात पिण्याचे पाणी, गुरे, मासे, ज्याचे त्याचे पडले. गावाचे पारडे धाडकन खाली आले. इतक्या जोरात मी आयुष्यात झुकलो नव्हतो.

गावच्या विहिरी भरल्या. येसाजीराव घागर घेऊन कृष्णवेणीबाईंच्या दारात उभे राहिले. “नीरु तगोंडु होगि, रायरे,” राव, पाणी घेऊन जा, असे म्हणत बाईंनीच घागर भरून दिली. त्यांनी क्षमा केली. मी नाही केली.

मित्रांनो, एक नुकसान तीनदा मोजू नका आणि तीन नुकसाने एका नावाखाली दडपू नका. तरीही तसे केलेत, तर मी वाट पाहीन. मला घाई नसते.