पहिली धार

तांब्याची कढई. झाकणाच्या फटीला कणकेचा लेप.

काचेच्या पट्टीवर तपकिरी रंग धरलेल्या पेशी.

टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर सूपची वाटी, कुणी हात न लावलेली.

"विस्तव ओढ. तळाला लागलंय," रातोमीर म्हणाला.

शेजारच्या मिलोयेने भट्टी थंड करून झाकण काढलं. तळ स्वच्छ होता.

"काका, तिसरी खेप ही. नाक रजेवर गेलंय का तुमचं?"

रातोमीरने झाकण परत लावलं. तो जळका वास आला की आवार लांब जाई, माणसं पाण्याखालून बोलत, आणि हे सगळं एकदा होऊन गेलंय असं वाटे.

तीस वर्षं गावाची आलुबुखाराची दारू त्याच्या नाकावर निघत होती. पहिली धार विषारी, ओतून द्यायची. ती कुठे संपते ते तो हुंगून सांगे.

मुलगी यावोरका त्याला बेलग्रेडला घेऊन गेली. मेंदूत गाठ निघाली; तिचा तुकडा तपासून झाला.

"पेशी साखर जाळते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या कामातलं एक जनुक मधेच कधीतरी बिघडलं. आता तिथे भलतंच आम्ल तयार होतं, साचतं. त्यामुळे पेशी वयात येत नाहीत, नुसत्या वाढत राहतात."

"म्हणजे पहिली धार ओतून द्यायला कोणी नव्हतं."

त्या हसल्या. "तसंच. पण हे जनुक बिघडलेली गाठ सावकाश वाढते. त्यातल्या त्यात बरी. वास पहिल्यांदा कधी आला?"

"यंदा. सप्टेंबरात."

"ऑपरेशन करू. मात्र नाक कदाचित जाईल."

"अजून दोन भट्ट्या उरल्यात, बाई."

"बाबा," यावोरका म्हणाली.

"दोनच."

शेवटच्या भट्टीला धुकं होतं. नळीतून थेंब पडू लागले. यावोरका शेजारी वाकून हुंगत होती.

"नाक धारेत बुडवशील अशाने," तो म्हणाला. "लांबून घे."

आणि तेवढ्यात तो वास आला. आवार लांब गेलं. नळी, थेंब, मुलगी, सगळं जळक्या आलुबुखारात बुडालं. धार बदलली की नाही, त्याला कळेना.

"बाबा, आता."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता थेंबांखालची वाटी काढून घेतली, गवतात ओतली आणि नळीखाली घडा ठेवला.

अकरा वर्षांपूर्वी, बायकोच्या मयताच्या जेवणात, सूप जळलं म्हणून रातोमीर स्वयंपाकिणीवर ओरडला होता. सूप जळलं नव्हतं.