ताटली पुढे सरकवणारा शब्द

मित्रांनो, मी स्कॉटलंडच्या डोंगरातला एक जुना शब्द आहे. माझं नाव 'ब्लेट'. तुमच्याकडच्या 'बुजऱ्या'चा मी लांबचा भाऊ. मेंढपाळांच्या घरांत वाढलो. पाहुणा अंग चोरून बसला की घरधनीण खाण्याची ताटली त्याच्यापुढे सरकवायची नि म्हणायची, "ब्लेट होऊ नकोस, घे!" ताटलीशिवाय मला कुणी एकट्याला कधी धाडलंच नाही. देवाच्या कृपेचे दिवस होते ते.

मग इंग्रजी 'शाय' आला. शाळेतून आला, रेडिओवरून आला. अर्थ तोच म्हणे! सगळे त्यालाच बोलवू लागले. मी जळलो. अजूनही जळतो, खोटं कशाला बोलू?

मायझीआजींकडे मेंढ्यांची लोकर कातरायचा दिवस होता. शेजारी मदतीला आले होते. दुपारी सगळे जेवायला बसले. आजींची सून रोना, तिची भाची टेसा शहरातून आली होती. सकाळपासून लोकर गोळा करून पोर भुकेजली होती. रोनानं ओटच्या भाकरीची ताटली पुढे केली.

"नको," टेसा पुटपुटली.

आमच्याकडे पहिला नकार कुणी खरा धरत नाही. पण रोना म्हणाली, "शाय आहे हो आमची टेसा!" सगळ्या माना वळल्या. पोरीचे कान लाल झाले, आणि ताटली पुढे निघून गेली.

मी आजींच्या ओठांशी तडफडत होतो. पण रोना एकदा चारचौघांत हसली होती, "आईंचे शब्द म्हणजे नुसती अडगळ!" तेव्हापासून आजी मला गिळून टाकत.

ताटलीत शेवटची भाकरी उरली. लोकर कातरणाऱ्या डॉडनं हात लांबवला. आजींनी त्या हातावर चापट मारली.

"किती गिळशील? तू काही ब्लेट नाहीस रे मेल्या!"

हशा पिकला. टेसाही हसली. आजींनी ताटली तिच्यापुढे सरकवली. "तूही ब्लेट होऊ नकोस, पोरी. लोणी लाव भरपूर."

टेसानं भाकरी उचलली. तोंड भरलेलं असतानाच विचारलं, "ब्लेट म्हणजे शायच ना?"

"तेच ग," रोना म्हणाली.

तेच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजींनी मात्र दुसरी भाकरी आणायला डॉडला पिटाळलं.

मित्रांनो, कुणी बुजून कोपऱ्यात उभं असेल, तर चारचौघांत त्याला नाव ठेवू नका. आधी ताटली पुढे सरकवा. मग तोंडानं 'शाय' म्हणालात तरी चालेल.

चालेल म्हणतो खरा. पण मित्रांनो, एकदा तरी 'ब्लेट' म्हणा.