शेवटची वेलांटी

लाल पेनाचं टोक ‘पाणि’ या शब्दावर टेकलं आणि पहिल्या वेलांटीची दुसरी करून मोकळं झालं. मग तिच्या लक्षात आलं, की ही चूक आता पुन्हा समोर येणार नाही. तिने पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

साप्ताहिकाच्या कचेरीत ती सत्तावीस वर्षं मुद्रितं तपासत होती. ही चूक जिची, ती शाळेपासूनची मैत्रीण तीन आठवड्यांपूर्वी दुपारची जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. शाळेत त्या मैत्रिणीच्या बोटांना सदा शाई, म्हणून ती शाई. ही तेव्हाही शेजारणीच्या वहीतल्या चुका खोडायची, म्हणून ही खोडरबर. पन्नाशी उलटली तरी दोघींनी एकमेकींना दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

शाईची मालिका नऊ वर्षं चालली. राजकन्या, आणि तिच्याबरोबर लहानाचा मोठा झालेला गडाचा पहारेकरी. दर हप्त्याच्या शेवटी मोहिमेवर निघताना तो जुन्या दरबारी भाषेत तिच्याकडे एकच गोष्ट मागायचा. शाई लिहायची, ‘पाणि दे.’ खोडरबर करायची, ‘पाणी दे.’ ‘आणि’, ‘नि’ सोडले तर शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, नियम म्हणजे नियम. तो पहिला अंक हातात पडला तेव्हा शाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली होती. पुढच्या हप्त्यापासून राजकन्येच्या हाती झारी आली आणि वाचकांनी ती झारी डोक्यावर घेतली. हस्तलिखितात मात्र वेलांटी पहिलीच राहिली. एवढी मोठी लेखिका आणि चौथीतली वेलांटी येईना, असं खोडरबरने एकदा डिवचलंही होतं.

“मला आली तर तू काय करशील?” शाई म्हणाली होती.

शेवटचा हप्ता शाईच्या भावाने आणून दिला होता. तो अर्धवट आहे, असं संपादकांचं मत. पहारेकऱ्याला रणात पडू द्या, राजकन्येचं राजपुत्राशी लग्न लावा, चार परिच्छेदांचं तर काम, तिची भाषा तुम्हाला पाठ आहे, असं त्यांनी सकाळी सांगितलं होतं. ती पानं घेऊन आपल्या टेबलाशी परतली होती. त्यांनी तो होकार धरला.

ती पुढे वाचू लागली. राजकन्येने झारी पायरीवर ठेवली आणि हात पुढे केला. खोडरबरने समासात लिहिलं, ‘झारी राहिली?’ पुढची ओळ आली. पहारेकऱ्याने तो रिकामा हात हातात घेतला.

‘आजवर मी चुकीचं ऐकत होते,’ राजकन्या म्हणाली.

तिथे मजकूर संपत होता.

पेन टेबलावरून घरंगळत खाली पडलं. ती ते उचलायला वाकली नाही. एक लांबलचक शब्द तिच्या ओठांवर आला. पाणिग्रहण. पाणि म्हणजे हात. त्यातली वेलांटी पहिली असते, आणि ती तिने एकदाही बदलली नव्हती. नऊ वर्षं, दर आठवड्याला एकदा, तिच्यापुढे एक मागणं येत होतं, आणि ती ते शुद्ध करून परत पाठवत होती.

“मेले,” ती शाई येऊन बसायची त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली, “तोंडाने बोलायला काय झालं होतं?”

मग तिने पेन उचललं, समासातला प्रश्न काट मारून रद्द केला आणि पानं घेऊन संपादकांच्या खोलीत गेली.

त्यांनी शेवटचं पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

“चार परिच्छेद?”

“नाही लिहिले. हप्ता पुरा आहे.”

मुखपृष्ठ छापून झालंय, त्यावर राजपुत्र घोड्यावर बसलाय, त्याचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं.

“येऊ दे की पाहुणा म्हणून. जेवून जाईल.”

ते हसले नाहीत. वाचकांना लग्न हवं होतं, ते म्हणाले.

“लागलंय. नीट वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. तिथे तिने स्वतःचीच लाल दुरुस्ती खोडून शब्दाखाली टिंबं दिली होती. खोडलेलं पुन्हा तसंच ठेवायचं असेल तर अक्षरांखाली टिंबं द्यायची असतात. सत्तावीस वर्षांत तिच्यावर ती वेळ आली नव्हती.

“हे ऱ्हस्व राहिलंय. तुमच्या हातून?”

“राहिलं नाही. ठेवलंय.”

“आणि नियम?”

“‘आणि’ला चालतं ना? मग ‘पाणि’लाही चालेल.”

“लोक म्हणतील, छपाईची चूक.”

“चूक नऊ वर्षं छापली आपण,” ती म्हणाली. “कोणी काही म्हणालं नाही.”

त्यांनी पेन उचललं. तिने तळहात त्या ओळीवर सपाट ठेवला आणि तो तिथून काढला नाही. थोड्या वेळाने त्यांनी पेन खाली ठेवलं आणि छपाईखान्याला फोन लावला.

तिने हात उचलला तेव्हा ओली लाल टिंबं तळहातावर उमटली होती. कचेरीच्या मोरीपाशी ती बराच वेळ उभी राहिली. नळ तिने उघडला नाही.